‘युनिस टू-स्टेप’ : ॲकॉर्डियन आणि फिडल यांची एक केजन नृत्यधून

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात कोलंबिया कंपनीने दोन वादकांच्या, तबकडीच्या सहा बाजू मुद्रित केल्या. आमेदे आर्दवाँ ॲकॉर्डियन वाजवत गात होते आणि डेनिस मॅगी फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, वाजवत होते. त्या सहांपैकी एका बाजूवर असलेली ‘टू स्टेप द युनिस’ म्हणजेच ‘युनिस टू-स्टेप’ ही धून अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या नैर्ऋत्य भागात आजही नाचासाठी वाजवली जाते. मी व्हायोलिन हिंदुस्थानी पद्धतीने शिकलो आहे, आणि ही धून हातात बसवताना तिच्या बांधणीविषयी जे उमगत गेले ते या धाग्यात मांडतो आहे. या संगीताचे जाणकार इथे असतील तर त्यांनी अवश्य भर घालावी.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. केजन संगीताविषयी बोलताना ॲकॉर्डियनला मुख्य आणि फिडलला साथीचे वाद्य मानण्याची पद्धत पडली आहे. या धुनेपुरते तरी मला ते मान्य नाही. ॲकॉर्डियनला जे करता येत नाही त्यावरून धुनेचा सांगाडा ठरला आहे आणि फिडलला जे करता येते त्यामुळे तिच्यात जीव आला आहे. एकट्या ॲकॉर्डियनवरून उतरवलेले स्वरलेखन घेऊन बसणाऱ्याच्या पदरी अर्धीच धून पडते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. आजच्या नोव्हा स्कॉशिया आणि आसपासच्या मुलखात वसलेल्या फ्रेंच भाषक अकादी शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हुसकावून लावले. त्यांतले काही जण १७६० च्या दशकात लुईझियानात पोहोचले आणि १७८५ साली आणखी सुमारे सोळाशे जण फ्रान्सहून सात जहाजांतून आले. केजन म्हणजे त्यांचे वंशज. त्यांच्या शेजारी आफ्रिकी वंशाचे फ्रेंच भाषक क्रिओल लोक राहत होते, आणि या दोन समाजांचे संगीत एकमेकांत इतके गुंतले आहे की ‘युनिस टू-स्टेप’ ही त्या गुंत्याचीच निष्पत्ती आहे, कारण आर्दवाँ क्रिओल होते आणि मॅगी गोऱ्या समाजातले. युनिस हे ज्या गावाचे नाव धुनेला मिळाले ते १८९४ साली वसवलेले, लाफायेटच्या वायव्येला, भातशेतीच्या सपाट गवताळ मुलखातले गाव आहे.

आता वाद्याकडे वळू. एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांमुळे आपल्याला परिचित झालेले, पट्ट्या असलेले मोठे ॲकॉर्डियन ते हे नव्हे. केजन ॲकॉर्डियन ही मांडीवर सहज मावणारी लाकडी पेटी असते. तिच्या उजव्या बाजूला एकाच ओळीत दहा बटणे, डाव्या बाजूला दोन बटणे आणि वर चार खुंट्या असतात. भाता दाबला की एका बटणातून एक स्वर निघतो आणि ओढला की त्याच बटणातून दुसरा. ढोबळमानाने सांगायचे तर दाबताना सा, ग, प मिळतात आणि ओढताना रे, म, ध, नी. सगळे स्वर शुद्ध. कोमल किंवा तीव्र स्वर या पेटीत नाहीतच. डाव्या हाताच्या बटणांतून दाबताना षड्जावर आधारलेला स्वरमेळ (कॉर्ड) निघतो आणि ओढताना पंचमावर आधारलेला. मध्यमावर आधारलेला स्वरमेळ तिथे उपलब्ध नाही.

या मर्यादेचा परिणाम धुनेवर थेट झाला आहे. चाल सतत षड्ज आणि पंचम या दोन मुक्कामांमध्ये येरझारा घालते. एका दिशेला भाता जास्त वेळ नेता येत नाही, कारण तो संपतो. त्यामुळे वाक्ये आखूड आहेत आणि भात्याची दिशा बदलली की तिथे आपोआप एक धक्का बसतो. नाचणाऱ्याचे पाऊल त्या धक्क्यावर पडते. ध्वनिमुद्रणात गिटार नाही, ढोल नाही, दोनच वाद्ये आणि एक आवाज आहे, तरीही लय क्षणभर सैल होत नाही, याचे अर्धे श्रेय भात्याला आहे.

उरलेले अर्धे श्रेय मॅगींच्या गजाला आहे. या जोडीच्या ध्वनिमुद्रणांत ॲकॉर्डियन चाल वाजवत असताना फिडल कधी तीच चाल बरोबरीने वाजवते, कधी खालच्या सप्तकात उतरते आणि आर्दवाँ गाऊ लागले की दोन तारांवर एकत्र गज टाकून ठेका धरते. ॲकॉर्डियनचा गंधार एकाच जागी खिळलेला आहे. फिडलचा गंधार खालून सरकत येतो, जागेवर पोहोचतो आणि पुन्हा किंचित उतरतो. दोन्ही एकाच वेळी कानावर पडतात तेव्हा जो हलकासा ताण जाणवतो तोच मला या धुनेचा गाभा वाटतो.

पेटीकार

मंद्रसप्तकजी, लेख मन लावून वाचला. मी हार्मोनियमच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे सुरांविषयी थोडे लिहितो.

आपली पेटी आणि हे ॲकॉर्डियन एकाच घराण्यातले आहेत. दोन्हींमध्ये धातूच्या चौकटीत एका टोकाला जखडलेली धातूची पातळ पट्टी हवेच्या झोताने थरथरते आणि तिच्यातून स्वर निघतो. या पट्टीलाच आम्ही ‘सूर’ म्हणतो. फरक असा की आपल्या पेटीत हवा एकाच दिशेने सुरांतून जाते आणि म्हणून भाता कसाही मारला तरी स्वर बदलत नाही. या ॲकॉर्डियनमध्ये प्रत्येक बटणामागे दाबण्याचे सूर वेगळे आणि ओढण्याचे वेगळे असतात. चार खुंट्या म्हणजे सुरांचे चार संच: दोन मध्यम सप्तकाचे, एक खालचा, एक वरचा. दहा बटणे, दोन दिशा आणि चार संच धरले तर उजव्या हाताला एकूण ८० सूर होतात. एवढ्याशा पेटीतून इतका मोठा आवाज निघतो तो चारही खुंट्या उघड्या ठेवून एका बटणाला चार सूर एकदम बोलवल्यामुळे.

गंधाराविषयी आपण जे लिहिले आहे त्यात एक भर घालावीशी वाटते. लुईझियानातले कारागीर आपली ॲकॉर्डियन बहुधा टेम्पर्ड पद्धतीने (सप्तकाचे बारा समान भाग करून) लावत नाहीत. षड्जाच्या स्वरमेळातला गंधार ते मुद्दाम उतरवतात. शुद्ध नैसर्गिक गंधार टेम्पर्ड गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि त्यांचा ओढा त्याच दिशेने असतो. आपल्याकडे गांधार ट्यूनिंगच्या पेट्या करणाऱ्यांना हा विचार नवा वाटणार नाही. तेव्हा ॲकॉर्डियनचा गंधार खिळलेला असला तरी तो कोठे खिळवायचा हे कारागिराचा कान ठरवतो, आणि त्या कानावर फिडलचे संस्कार झालेले आहेत. आपल्या म्हणण्याला यामुळे बळच मिळते.

वैखरी

दोन्ही लेखन आवडले. माझा एक प्रश्न आहे. ॲकॉर्डियनची पट्टी ठरलेली असेल तर फिडलवादक तिच्याशी जुळवून कसे घेतात? मी व्हायोलिनची विद्यार्थिनी आहे आणि पाश्चात्त्य लावणीतून आपल्या लावणीत येताना माझी बरीच तारांबळ होते, म्हणून विचारते.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

वैखरीताई, हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण ही दोन वाद्ये एकत्र आली ती पट्टी जुळल्यामुळेच. सुरुवातीला आलेली ॲकॉर्डियन फिडलला सोयीच्या पट्ट्यांत नव्हती आणि त्यामुळे दोन्ही वाद्ये फारशी एकत्र वाजत नसत. पुढे जर्मन बनावटीची मोनार्क आणि स्टर्लिंग या नावांची काळ्या रंगाची ॲकॉर्डियन आली. ती पांढरी एक (C) आणि पांढरी दोन (D) या पट्ट्यांत मिळत. पांढरी दोनच्या ॲकॉर्डियनबरोबर फिडल आहे त्या पाश्चात्त्य लावणीतच वाजते. पांढरी एकचे ॲकॉर्डियन असेल तर फिडलवादक चारही तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवतात, आणि बोटे मात्र पांढरी दोनमध्ये वाजवत असल्यासारखीच पडतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ॲकॉर्डियनचा षड्ज धरल्यावर दोन्ही वेळा चार तारा खालून वर म, सा, प, रे अशाच बोलतात.

उतरवलेल्या तारांचा गुणही वेगळा असतो. ताण कमी झाल्यामुळे आवाज जरा जाड आणि घोगरा होतो, गज थोडा अधिक दाबावा लागतो आणि शेजारची मोकळी तार बरोबर वाजवणे सोपे जाते. सा आणि प मोकळ्या तारांवर असल्यामुळे चालीच्या दोन्ही मुक्कामांवर तंबोऱ्यासारखी आस आयती मिळते. आपण सा-प-सा-प लावणीत वाजवत असाल तर हे आपल्याला लगेच ओळखीचे वाटेल. जुने फिडलवादक काही चालींसाठी तशा उलटसुलट लावण्याही करत असत.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. ॲकॉर्डियनवादकाने पांढरी एकच्या वाद्यावर पंचमालाच षड्ज मानून वाजवायला घेतले तर त्याला कोमल निषाद मिळतो आणि बाकीचे स्वर शुद्धच राहतात, म्हणजे तो खमाज थाटाचे स्वर वाजवू लागतो. ब्लूजच्या वळणाच्या चालींसाठी केजन आणि क्रिओल वादक हाच मार्ग घेतात. कोमल गंधार मात्र तिथेही मिळत नाही. तो फिडलने आणि गळ्यानेच पुरवायचा.

दक्षिणवारा

मी ह्यूस्टनला राहतो. तिथून लाफायेट साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे आणि युनिस त्याच्या थोडे अलीकडे, त्यामुळे शनिवारी पहाटे निघून तिकडे जाणे आमच्या घरी नेमाचे झाले आहे. युनिसच्या वेशीवर मार्क सॅवॉय यांनी १९६६ साली सुरू केलेले वाद्यांचे दुकान आहे. सॅवॉय स्वतः ॲकॉर्डियन बनवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारी वाद्ये थांबल्यावर लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राऊन यांनी लुईझियानात ॲकॉर्डियन बनवण्याचा पाया घातला आणि सॅवॉय यांच्या पिढीने ते काम कळसाला नेले. त्यांच्या दुकानात शनिवारी सकाळी वादक जमतात, येणारे लोक खाण्यासाठी बुदँ नावाचे भात आणि डुकराचे मांस भरलेले सॉसेज घेऊन येतात, आणि दुपारपर्यंत वादन चालते.

तिथे ‘युनिस टू-स्टेप’ जवळून ऐकायला मिळाली तेव्हाचे वर्णन करतो, कारण मंद्रसप्तकजींच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. ॲकॉर्डियन एकच वाजत होते. दुसरे वादक आपापली ॲकॉर्डियन मांडीवर मिटून बसले होते. फिडली मात्र पाच-सहा होत्या आणि त्यांना कोणी थांबवत नव्हते. मी ज्यांच्या अगदी शेजारी बसलो होतो त्या वयस्क गृहस्थांनी फिडल हनुवटीखाली न धरता छातीला टेकवली होती. गज मुठीपासून थोडा वर पकडलेला, आणि संपूर्ण धुनेत त्यांनी गजाचा जेमतेम वीतभर भाग वापरला. ते चाल वाजवतच नव्हते. खालच्या दोन तारांवर, भात्याच्या प्रत्येक धक्क्याच्या किंचित पुढे, आखूड गज मारत होते. ॲकॉर्डियनवादकाचा अंगठा मधूनमधून हवेच्या कळीवर दाबला जाई आणि भात्यातून नुसती हवा सुटल्याचा निःश्वासासारखा आवाज येई. त्या फटीत फिडलचा ठेका अचूक येऊन बसत होता. बाजूला एक मुलगी लोखंडी त्रिकोण वाजवत होती. पूर्वी हे त्रिकोण गवत गोळा करण्याच्या दाताळ्याच्या लोखंडी दात्यांपासून बनवत.

एक जोडपे उठून नाचू लागले. टू-स्टेप दोन मात्रांच्या लयीत नाचली जाते आणि जोडपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जागा फिरून येतात. मला नाचातले फारसे कळत नाही, परंतु त्यांची पावले भात्याच्या धक्क्यावर पडत होती आणि खांदे व कंबर फिडलच्या गजाबरोबर हलत होते, हे डोळ्यांना स्पष्ट दिसत होते.

रानवाटा

धागाकर्त्यांच्या प्रतिपादनाविषयी आदर ठेवून माझा मतभेद नोंदवते.

दोन्ही वाद्यांनी मिळून धून घडवली हे मान्य केले तरी ॲकॉर्डियनने फिडलचे जे नुकसान केले ते या चर्चेत दिसत नाही. ॲकॉर्डियन येण्यापूर्वी दोन फिडल मिळून नाचाला वाजवत: एक चाल वाजवी आणि दुसरी खालच्या तारांवर साथ करी. डेनिस मॅगी आणि त्यांचे मेहुणे सॅडी कूर्विल यांनी मार्च १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सलाच अशी दोन फिडलांची ध्वनिमुद्रणे केली आहेत. आर्दवाँबरोबरच्या त्या डिसेंबरच्या बैठकीच्या आधीची ही गोष्ट आहे. मॅगींच्या संग्रहात पोल्का, माझुर्का, काँत्रदांस, रील असे नाना प्रकार होते, त्यांतल्या कित्येक चाली वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरत, आणि काहींमध्ये विकृत स्वर होते. दहा बटणांच्या वाद्यावर त्या बसत नव्हत्या, म्हणून मागे पडल्या. शेवटी नाचघरांत बहुतांशी वॉल्ट्झ आणि टू-स्टेप एवढेच उरले. मॅगी १८९३ साली जन्मले आणि १९८९ पर्यंत जगले, म्हणून त्या जुन्या चालींचा काही भाग वाचला. ते लवकर गेले असते तर तोही गेला असता.

ज्या मर्यादेला आपण धुनेचा सांगाडा म्हणता त्याच मर्यादेने एका संपूर्ण परंपरेला अरुंद केले. ‘युनिस टू-स्टेप’ सुंदर आहे हे मान्य करूनही हे नोंदले गेले पाहिजे.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

रानवाटाताई, आपण हा मुद्दा मांडलात हे फार चांगले झाले. चालींचा संग्रह आटला यात शंका नाही, आणि ॲकॉर्डियन हे त्याचे एक मोठे कारण आहे. मात्र ॲकॉर्डियन स्वीकारले गेले त्याला नाचणाऱ्यांचीही गरज कारणीभूत होती. घरगुती नाचाच्या वेळी घरातले सामान बाहेर काढून खोली रिकामी करत, लहान मुलांना मागच्या खोलीत झोपवत आणि गर्दीने भरलेल्या जागेत ध्वनिक्षेपकाशिवाय वाजवावे लागे. पायांच्या आवाजात एकटी फिडल दबून जाई. चार-चार सूर एकदम बोलणाऱ्या पेटीचा आवाज अंगणापर्यंत जाई. आर्दवाँ यांचा आवाज इतका उंच आणि आर्त आहे त्यामागेही त्यांच्या प्रतिभेइतकीच ही गरज असावी, असे मला वाटते.

आपण दोन फिडलांविषयी जे सांगितले आहे तेच माझ्या मते या धुनेतल्या फिडलचे मूळ आहे. कूर्विल ज्या पद्धतीने मॅगींना खालच्या तारांवर साथ करत, तीच पद्धत आर्दवाँबरोबर वाजवताना मॅगी स्वतः वापरताना ऐकू येतात. जुन्या दोन फिडलांपैकी एकीची जागा ॲकॉर्डियनने घेतली आणि दुसरी तशीच राहिली. दक्षिणवारा यांनी पाहिलेले गृहस्थ तेच करत होते.

पुष्कराज

एक ऐतिहासिक तपशील नोंदवतो. केजन संगीताची पहिली तबकडी २७ एप्रिल १९२८ रोजी मुद्रित झाली: जो फाल्कन यांचे ॲकॉर्डियन आणि गायन, आणि क्लिओमा ब्रो यांचे गिटार. ती धून ‘आलाँ आ लाफायेट’. तिच्यात फिडल नाही. म्हणजे बाजाराने पहिल्या दिवसापासून ॲकॉर्डियनला पुढे ठेवले. त्याच चालीवरचे मॅगी यांचे दोन फिडलांवरचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ‘झ्यन झाँ काँपान्यार’ हे त्याचे नाव. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास ॲकॉर्डियनने चालीचे कोणते कोपरे घासून सपाट केले ते सहज कळते.

रानवाटा

पुष्कराजजी, मन:पूर्वक आभार. माझ्या म्हणण्याला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

अनुराधा श्री.

या चर्चेत आर्दवाँ यांच्याविषयी सविस्तर लिहिले जावे असे मला वाटते, कारण त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्याशिवाय या दोन वाद्यांच्या एकत्र येण्याचे मोल कळणार नाही.

त्यांचा जन्म १८९८ सालचा. शेतीच्या कामात त्यांचा जीव रमत नसे. ॲकॉर्डियन घेऊन ते नाचाच्या घरोघरी फिरत. ते आणि मॅगी एका काळात एकाच शेतमालकाकडे बटाईने काम करत होते आणि गोऱ्यांच्या घरच्या नाचांत दोघे मिळून वाजवत. वर्णभेदाचे कायदे कडक असलेल्या त्या काळात एका काळ्या आणि एका गोऱ्या वादकाने शेजारी बसून वाजवणे आणि तसेच ध्वनिमुद्रणही करणे ही साधी गोष्ट नव्हती. वादक म्हणून आर्दवाँ यांना घरात जागा होती, पाहुणा म्हणून नव्हती. १९२९ ते १९३४ या काळात त्यांनी ३४ बाजू मुद्रित केल्या. शेवटची बैठक डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कला झाली आणि तिच्यात ते एकटे होते.

त्यांच्या अखेरीविषयी क्रिओल फिडलवादक कॅनरे फॉन्टेनो सांगत ती हकिगत अशी. एका नाचात घाम पुसण्यासाठी घरमालकाच्या मुलीने त्यांना आपला रुमाल दिला. काही गोऱ्या पुरुषांना ते खपले नाही आणि त्यांनी परतीच्या वाटेवर आर्दवाँ यांना इतके मारले की ते पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. १९४२ साली पाइनव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले आणि तिथेच, नाव नसलेल्या थडग्यात त्यांना पुरण्यात आले. २०१८ साली ऑपलूसस येथे त्यांचा पुतळा उभारला गेला.

म्हणून या धुनेला केवळ ‘केजन’ म्हणून थांबणे मला अपुरे वाटते. तिचा ॲकॉर्डियनचा बाज, मात्रेच्या आधी किंवा नंतर आघात टाकण्याची तिची लकब, हे आर्दवाँ यांचे देणे आहे. आयरी लजून यांच्यासारखे पुढचे केजन वादक त्यांच्याच तबकड्या ऐकून घडले. क्रिओल समाजात त्याच मुळापासून पुढे झायडेको हे नृत्यसंगीत वाढले.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

अनुराधाताई, आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. शीर्षकातला ‘केजन’ हा शब्द धून आज जिथे वाजवली जाते त्या नाचघरांच्या परंपरेसाठी ठेवला आहे. घडवणाऱ्यांची नावे घेताना मात्र क्रिओल आर्दवाँ आणि मॅगी ही दोन्ही बरोबरीने घेतली गेली पाहिजेत.

पुष्कराज

त्यानंतरच्या काळातले एक वळण सांगतो, कारण फिडलच्या हाताळणीशी त्याचा संबंध आहे. १९३० च्या दशकात तेलाचा पैसा, रस्ते आणि रेडिओ यांच्याबरोबर तंतुवाद्यांचे ताफे आले आणि ॲकॉर्डियन बाजूला पडले. हॅकबेरी रॅम्बलर्स या ताफ्याने तर मोटारीच्या चालू इंजिनावर ध्वनिक्षेपक चालवून नाच वाजवले. ध्वनिक्षेपक आल्यावर फिडलवादकाला गज दाबायची गरज राहिली नाही. गज लांब आणि हलका झाला. १९४६ साली हॅरी चोट्स यांची ‘जोल ब्लाँ’ देशभर गाजली ती याच फिडलप्रधान वळणाची. पुढे १९४८ साली आयरी लजून यांच्या तबकडीने ॲकॉर्डियन परत आणले, परंतु दाबून मारलेला तो जुना गज बऱ्याच नाचघरांतून गेला तो गेलाच. १९६४ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेलेल्या ड्यूई बाल्फा यांनी आणि त्यांच्या बंधूंनी तो प्रयत्नपूर्वक जपला. दोन फिडलांच्या साथीची पद्धतही बाल्फा बंधूंमुळे नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

दक्षिणवारा

भाषेविषयी एक वाक्य जोडतो. १९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानातल्या सरकारी शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम केले आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. त्या शिक्षा भोगलेली माणसे आज वयाने खूप मोठी आहेत. युनिसला अशाच एका आजींनी मला सांगितले की घरातली फ्रेंच त्यांच्या नातवंडांपर्यंत गाण्यांतूनच पोहोचली, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

वैखरी

चर्चा वाचून ही धून शिकायचे मी ठरवले आहे. मला ॲकॉर्डियनवादक मिळणे कठीण आहे. अशा वेळी सुरुवात कोठून करावी? चाल आधी बसवावी की साथ?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

वैखरीताई, आधी साथ बसवावी असे मी आग्रहाने सुचवीन. चाल सोपी आहे आणि आपल्याला ती लवकर पाठ होईल, पण मग हाताला तीच गोड लागेल आणि गज लांब पडू लागेल.

चारही तारा एकेक स्वर उतरवा आणि लावणी पक्की होईपर्यंत थांबा, कारण उतरवलेल्या तारा सुरुवातीला चढत राहतात. पहिले काही दिवस फक्त खालच्या दोन तारांवर, म्हणजे म आणि सा या तारांवर काम करा. षड्जाच्या भागात सा मोकळी ठेवून खालच्या तारेवर बोटाने प घ्या. पंचमाच्या भागात तोच प तसाच ठेवून वरच्या तारेवर रे घ्या. बोट फारसे हलवावे लागत नाही. गज मधोमध ठेवा, वीतभरच वापरा, आणि तो तारेवरून उचलू नका. पहिल्या मात्रेवर दाब कमी आणि उत्तरार्धावर जास्त पडला पाहिजे. इथे आपल्या सवयीच्या समेच्या उलट वागावे लागते आणि मला सर्वांत जास्त वेळ यातच लागला.

हे अंगवळणी पडले की १९२९ चे ध्वनिमुद्रण लावून त्याच्याबरोबर वाजवा. जुन्या तबकड्यांचा वेग कमीजास्त झालेला असतो, त्यामुळे पट्टी नेमकी पांढरी एक येईलच असे नाही. ध्वनिमुद्रणाशी जुळवून तारा लावा. ऐकताना लक्ष चालीकडे न ठेवता भात्याकडे ठेवा. दाबताना आवाज किंचित भरीव येतो आणि ओढताना उघडा. ती अदलाबदल कानाला कळू लागली की साथ कोठे बदलायची हे मोजावे लागत नाही. चालीला हात त्यानंतर घाला, आणि गंधारावर खालून येताना घाई करू नका.

पेटीकार

वैखरीताई, ॲकॉर्डियनची अडचण असेल तर एक सुचवतो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेले एका ओळीचे, दहा बटणांचे जर्मन वाद्य आहे आणि त्याच्या मालकांनी ते वाजवून पाहण्यास परवानगी दिली आहे. त्यावर या धुनेचे षड्ज-पंचमाचे दोन भाग मी सावकाश लयीत वाजवून इथे चढवतो. वाद्य पांढरी एकचे आहे, तेव्हा आपण तारा उतरवूनच ठेवाव्यात. सूर अजून टेम्पर्ड लावलेले आहेत. मालकांची संमती मिळाली तर गंधार उतरवून दुसऱ्यांदा मुद्रित करीन, म्हणजे दोन्हींबरोबर फिडल वाजवून फरक पाहता येईल.

वैखरी

पेटीकारकाका, मनापासून आभार. तारा आजच उतरवून ठेवते. आपण दोन्ही प्रकारे मुद्रित केलेत तर मीही दोन्हींबरोबरची माझी साथ याच धाग्यात चढवीन. मंद्रसप्तकजी आणि रानवाटाताई यांनी ती ऐकून गज कोठे चुकतो आहे ते सांगावे, ही विनंती.